मुलांना दिलेला शब्द



ज्या शाळेच्या बाकांवर बसून मी शिकलो, तिच्याच सभागृहात उभे राहून बोलण्याचा योग आज आला, हे मी माझे भाग्य समजतो. आपल्या सरांच्या स्मृत्यर्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत आजवर अधिकारी व्यक्तींनी मराठ्यांच्या इतिहासावर, संतवाङ्मयावर आणि सयाजीराव महाराजांच्या राज्यकारभारावर विचार मांडले. त्या परंपरेत विलायतेतील एका मुलांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या निवेदकांचा इतिहास मी सांगावा, याचे काहींना नवल वाटेल. म्हणून विषयाच्या निवडीची कैफियत आधी देतो.

मी आठवीत असताना सर आम्हांला बडोदे संस्थानातील शिक्षणाचा इतिहास सांगत होते. महाराजांनी १८९३ साली सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, असे ते म्हणाले आणि आम्ही ते वहीत उतरवून घेतले. दुसऱ्या दिवशी वर्गात येताच त्यांनी फळ्यावर दोन सन लिहिले आणि म्हणाले, "काल मी तुम्हांला चुकीचे सांगितले. १८९३ साली हा प्रयोग अमरेली तालुक्यात सुरू झाला. सबंध संस्थानाला तो १९०६ साली लागू झाला. वह्या काढा आणि माझी चूक दुरुस्त करा." आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात न आलेली चूक त्यांनी स्वतः होऊन उघड केली. ते दोन्ही सन मी आजवर विसरलो नाही. पण त्याहून अधिक लक्षात राहिला तो शिक्षकाचा स्वर. मुले लहान आहेत म्हणून त्यांच्याशी खोटे बोलले तरी चालते, हा विचार त्या स्वराला ठाऊकच नव्हता.

पुढे १९७४ साली मी इंग्लंडमधील लेस्टर या गावी शिक्षकाच्या नोकरीवर रुजू झालो. युगांडातून दोनच वर्षांपूर्वी हद्दपार झालेली अनेक गुजराती कुटुंबे तेथे येऊन वसली होती आणि बडोद्यात अंगवळणी पडलेली गुजराती मला तेथे इंग्रजीइतकीच उपयोगी पडली. त्या परक्या मुलखात सरांचा स्वर मला पुन्हा ऐकू आला, तो दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमात. त्या कार्यक्रमाचे नाव 'ब्ल्यू पीटर'. आजचा विषय हाच, की मोठ्या माणसांनी मुलांना दिलेला शब्द कसा पाळला, कोठे मोडला आणि मोडल्यावर काय केले.

बंदरातून निघण्याच्या बेतात असलेले जहाज निळ्या रंगाचे, मध्यभागी पांढरा चौकोन असलेले एक निशाण उभारते. खलाशी त्याला 'ब्ल्यू पीटर' म्हणतात. मुलांना सफरीवर घेऊन जाणारा कार्यक्रम, या अर्थाने जॉन हंटर ब्लेअर या निर्मात्याने ते नाव निवडले. १६ ऑक्टोबर १९५८ रोजी बीबीसीने पहिला भाग प्रक्षेपित केला. तो पंधरा मिनिटांचा होता, पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी होता आणि असे एकूण सातच भाग करण्याचा बेत होता. सात आठवड्यांसाठी निघालेले ते जहाज साडेसहा दशकांनंतरही बंदराला लागलेले नाही. जगातील सर्वांत दीर्घकाळ चाललेला मुलांचा दूरचित्रवाणी कार्यक्रम म्हणून आज त्याची गणना होते.

पहिले निवेदक दोन होते. ख्रिस्तोफर ट्रेस हे नट होते, तर लैला विल्यम्स या १९५७ सालच्या 'मिस ग्रेट ब्रिटन'. ट्रेस यांनी मुलांना खेळण्यातल्या आगगाड्या दाखवाव्यात आणि विल्यम्स यांनी मुलींना बाहुल्या दाखवाव्यात, अशी कामाची वाटणी होती. त्या काळच्या समाजाची समजूत त्या वाटणीत स्वच्छ उमटली आहे. आपल्याकडे मुलांना विटीदांडू आणि मुलींना भातुकली, तशातलाच तो प्रकार. पुढील निवेदकांच्या हातून ही वाटणी हळूहळू पुसली गेली, हेही या इतिहासाचे एक अंग आहे.

कार्यक्रमाला खरे रूप आले ते १९६२ नंतर. त्या वर्षी व्हॅलरी सिंगलटन निवेदिका म्हणून आल्या आणि त्याच वर्षी बिडी बॅक्स्टर यांच्याकडे निर्मितीची सूत्रे आली. बॅक्स्टर यांचा जन्म १९३३ सालचा आणि तोही लेस्टरचाच. १९६५ पासून १९८८ पर्यंत त्या कार्यक्रमाच्या संपादिका होत्या. पडद्यावर त्या क्वचितच दिसल्या. तथापि निवेदकांचा इतिहास त्यांना वगळून सांगता येत नाही, कारण निवेदकाने मुलांशी कसे वागावे, याचा दंडक त्यांनी घालून दिला.

त्या दंडकाचे मूळ त्यांच्या बालपणीच्या एका अनुभवात आहे. एनिड ब्लायटन यांची पुस्तके आपल्याकडील मुलांनाही परिचित आहेत. लहानग्या बिडीने या लेखिकेला पत्र लिहिले. उत्तर आले आणि ती हरखून गेली. तिने पुन्हा काही प्रश्न विचारून दुसरे पत्र धाडले. त्याचेही उत्तर आले, परंतु ते शब्दशः पहिल्यासारखेच होते. आपले पत्र कोणी वाचलेच नव्हते, हे त्या पोरीला कळून चुकले. ते दुःख त्यांच्या मनात घर करून राहिले. पुढे 'ब्ल्यू पीटर'कडे मुलांच्या पत्रांचा ओघ सुरू झाला, तेव्हा त्यांनी पत्र पाठविणाऱ्या मुलांची कार्डांवर नोंद ठेवण्याची पद्धत घातली. त्याच मुलाचे दुसरे पत्र आले की कार्ड काढायचे, पूर्वी काय लिहिले होते ते पाहायचे आणि मगच उत्तर द्यायचे. संगणक कचेऱ्यांत पोहोचण्यापूर्वीचे हे काम किती कष्टाचे असेल, याची कल्पना हजेरीपट आणि प्रगतिपुस्तके हाताने भरलेल्या शिक्षकांना येईल.

या पद्धतीचा प्रत्यय माझ्याच घरात आला. १९७८ साली माझी मुलगी आठ वर्षांची होती. तिने आजारी मांजरीविषयी एक पत्र लिहिले आणि तिला उत्तर मिळाले. काही महिन्यांनी तिने दुसरे पत्र लिहिले. त्यात जुन्या खोक्यांपासून केलेल्या घराचे चित्र होते, मांजरीचा उल्लेखही नव्हता. उत्तरात घराचे कौतुक होते आणि खाली एक ओळ होती: मांजर आता बरी आहे ना? पोरीने ते पत्र उशाखाली ठेवले. मला मात्र त्या ओळीत आमच्या सरांची आठवण झाली. वर्गात कोणी अवघड प्रश्न विचारला की सर "उद्या सांगतो" म्हणत, खिशातल्या छोट्या वहीत टिपून घेत आणि तो 'उद्या' खरोखरच उजाडत असे.

१९६३ पासून मुलांना बिल्ले देण्याची प्रथा सुरू झाली. त्यावरील गलबताचे चित्र टोनी हार्ट या चित्रकाराने काढले होते. हा बिल्ला विकत मिळत नसे. चांगले पत्र, चित्र, कविता, नवी कल्पना अशा स्वतःच्या कृतीने तो मिळवावा लागे. पुढे बिल्ल्यांची विक्री होऊ लागल्याचे उघडकीस आले, तेव्हा २००६ साली मुलांसाठी छायाचित्र असलेली ओळखपत्रे काढावी लागली. कमावलेल्या मानाला बाजारात किंमत आली की त्याचे मोल उतरते, हे आपणांस वेगळे सांगायला नको.

आता ज्यांच्या नावाने त्या पिढीतील इंग्रज आजही हळवे होतात, त्या त्रयीकडे वळू. व्हॅलरी सिंगलटन, जॉन नोक्स आणि पीटर पर्व्हस ही ती त्रयी. नोक्स १९६५ च्या डिसेंबरअखेर आले आणि १९७८ पर्यंत राहिले; एवढा दीर्घकाळ दुसरे कोणीही निवेदक टिकलेले नाहीत. पर्व्हस हे 'डॉक्टर हू' या मालिकेतील नट. ते १९६७ पासून १९७८ पर्यंत होते. सिंगलटन १९७२ पर्यंत नियमितपणे दिसत. १९६४ पासून कार्यक्रम आठवड्यातून दोनदा होऊ लागला होता आणि तो बहुधा थेट प्रक्षेपित होई. निवेदकांना संहिता तोंडपाठ करावी लागे; पुढ्यात मजकूर झळकविणाऱ्या यंत्राचा आधार नसे.

कात्री आणि डिंक घेऊन काहीतरी करून दाखविणे हा कार्यक्रमाचा आत्मा होता. वेळ अपुरा असल्याने अर्धवट वस्तू बाजूला सारून "ही मी आधीच करून ठेवली आहे" असे म्हणत निवेदक तयार वस्तू पुढे करीत. ट्रेस यांच्यापासून रूढ झालेले हे वाक्य इंग्रजीत म्हणीसारखे वापरले जाते. बीबीसीवर जाहिरातीला मज्जाव असल्याने वस्तूंची व्यापारी नावे उच्चारायची नाहीत, हा नियम होता. त्यामुळे चिकटणाऱ्या प्लॅस्टिकच्या कागदाचे सुद्धा वर्णन करूनच सांगावे लागे. सामान नेहमी घरातलेच असे: रिकाम्या बाटल्या, पुठ्ठे, तारेचे हँगर. ज्या घरात पैसा नाही, त्या घरातील मुलालाही ती वस्तू करता आली पाहिजे, हा त्यामागील हेतू होता.

हेच तत्त्व मदतीच्या आवाहनांत दिसते. मुलांकडे पैसे मागण्याऐवजी टाकाऊ वस्तू मागितल्या जात. १९६४ साली चंदेरी कागद गोळा करून अंधांना वाट दाखविणाऱ्या कुत्र्याच्या शिक्षणाचा खर्च उभा केला गेला. पुढे जुन्या पुस्तकांच्या रद्दीतून समुद्रात बुडणाऱ्यांना वाचविणाऱ्या नौका घेतल्या गेल्या. १९७९ साली पोल पॉटच्या राजवटीने होरपळलेल्या कंबोडियासाठी मुलांनी गावोगाव वस्तुविक्रीचे मेळावे भरविले आणि ३५ लाख पौंडांहून अधिक रक्कम जमली. श्रीमंताच्या आणि गरिबाच्या घरच्या चंदेरी कागदाचे वजन सारखेच भरते. समतेचा असा पाठ देणारे क्रमिक पुस्तक माझ्या पाहण्यात नाही.

जॉन नोक्स यांच्याविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. ते यॉर्कशरचे होते. बीबीसीच्या घोटीव उच्चारांच्या त्या काळात त्यांचे बोलणे गावाकडचे वाटे आणि मुलांना ते आपले वाटत. १९६९ साली लुलू नावाचे हत्तीचे पिल्लू स्टुडिओत आले. त्याने तेथेच मलमूत्रविसर्जन केले, माहुताला फरफटत नेले आणि नोक्स यांचा पाय नेमका त्या घाणीत पडला. हा सगळा गोंधळ प्रेक्षकांना जसाच्या तसा दाखविण्यात आला. फजिती लपवायची नाही, हेही मुलांशी प्रामाणिक राहणेच होय. १९७७ साली लंडनच्या ट्रफाल्गर चौकातील सुमारे ५२ मीटर उंच नेल्सन स्तंभावर ते शिड्यांवरून चढले. कमरेला सुरक्षेचा दोर नव्हता. स्तंभाच्या माथ्याजवळ शिडी मागे कलते आणि चढणारा अधांतरी लोंबकळतो, ते दृश्य आजही छातीत धडकी भरविते.

परंतु इतिहासकाराने केवळ गोड बाजू सांगू नये. निवेदकांनी मुलांशी इमान राखले. निवेदकांशी मात्र ते नेहमी राखले गेले, असे म्हणवत नाही. नोक्स यांनी नंतर मुलाखतींतून आपल्या संपादिकेविषयी कडवटपणे मते मांडली. हा कडवटपणा २०१७ साली त्यांच्या निधनापर्यंत पुरता निवळला नाही. बॅक्स्टर यांची शिस्त कठोर होती आणि मुलांचे हित हा त्यांचा एकमेव निकष होता. मुलांसाठी झटणाऱ्या संस्थांतही मोठी माणसे परस्परांना दुखावतात, ही गोष्ट शाळा चालविणाऱ्यांनी अंतर्मुख होऊन ध्यानात घ्यावी.

आणि मुलांशी तरी नेहमीच खरे बोलले गेले काय? दुर्दैवाने नाही. ज्या मुलांच्या घरी प्राणी पाळता येत नाहीत त्यांच्यासाठी म्हणून १९६२ च्या डिसेंबरात एक कुत्र्याचे पिल्लू कार्यक्रमात आणले गेले. पहिल्या दर्शनानंतर दोनच दिवसांत ते दगावले. निर्मात्यांनी लंडन पालथे घालून तसेच दिसणारे दुसरे पिल्लू मिळविले आणि मुलांना काहीही न सांगता तेच पुढे दाखविले. मुलांनी सुचविलेले 'पेट्रा' हे नाव त्याला मिळाले. १९७७ साली पेट्रा गेली, तेव्हा ती सगळ्या देशाची लाडकी झालेली होती. हे रहस्य पुढे निर्मात्यांनीच जाहीर केले. नाताळच्या तोंडावर लहान मुलांना मृत्यूची वार्ता कशी सांगावी, हा त्यांच्यापुढील पेच मी समजू शकतो. तरीही ज्यांनी पत्रांची कार्डे जपली त्यांच्याच हातून हे घडले, हे नमूद केल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही. दयेपोटी बोललेले असत्य हेही असत्यच असते. ते एकदा पचले की दुसरे सोपे जाते.

त्यानंतरची दोन प्रकरणे या दृष्टीने बोधप्रद आहेत. १९९८ साली रिचर्ड बेकन या तरुण निवेदकाने अमली पदार्थ घेतल्याची बातमी एका वृत्तपत्राने छापली आणि त्यांना तत्काळ काढून टाकण्यात आले. येथवर नवल नाही. नवल पुढेच आहे. बीबीसीच्या बालविभागाच्या प्रमुख लॉरेन हेगेसी स्वतः पडद्यावर आल्या आणि तुमच्या ओळखीचा हा चेहरा उद्यापासून का दिसणार नाही, हे त्यांनी मुलांना साध्या शब्दांत सांगितले. अशा प्रसंगी "ते दुसऱ्या कामावर गेले" असे सांगून मोकळे होणे किती सोपे होते!

दुसरे प्रकरण अधिक लांच्छनास्पद. २००६ च्या नोव्हेंबरात दूरध्वनीवरून घेतलेल्या एका स्पर्धेत तांत्रिक बिघाडामुळे मुलांचे फोन लागेनात. तेव्हा स्टुडिओ पाहायला आलेल्या एका मुलीलाच विजेती म्हणून बोलायला लावले गेले. २००७ च्या मार्चमध्ये निवेदिका कॉनी हक यांनी पडद्यावरून मुलांची माफी मागितली आणि जुलैमध्ये 'ऑफकॉम' या नियामक संस्थेने बीबीसीला ५०,००० पौंडांचा दंड ठोठावला. एवढ्याने भागले नाही. २००६ च्या जानेवारीत मांजरीच्या पिल्लासाठी मुलांनी मतदानाने 'कुकी' हे नाव निवडले होते, पण प्रत्यक्षात 'सॉक्स' हे नाव दिले गेले, असेही उघड झाले. सप्टेंबरमध्ये पुन्हा माफी मागण्यात आली आणि 'कुकी' नावाचे दुसरे पिल्लू आणण्यात आले. चुकीच्या मानाने गोष्ट क्षुल्लक, असे मोठ्यांना वाटेल. परंतु आठ वर्षांच्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदा मत दिले आणि ते मोजून बाजूला सारले गेले, तर लोकशाहीविषयी तो काय शिकेल?

मार्चमधली ती माफी माझ्या आठ वर्षांच्या नातीसमवेत मी पाहिली. कॉनी हक या बांगलादेशी वंशाच्या; १९९७ पासून २००८ पर्यंत, म्हणजे दहा वर्षांहून अधिक काळ त्यांनी हे काम केले. आपल्यासारख्या रंगाची बाई रोज पडद्यावर दिसते, याचे माझ्या नातीला काहीच वाटत नसे. मला मात्र वाटे, कारण १९७४ चे लेस्टर मी पाहिले होते. त्या दिवशी नातीने विचारले, "आजोबा, मोठी माणसेसुद्धा मुलांना सॉरी म्हणतात?" मी तिला सयाजीराव महाराजांचे दोन सन सांगितले आणि फळ्यापुढे उभ्या असलेल्या आमच्या सरांची हकीकत सांगितली. तिला बडोदे ठाऊक नव्हते, पण गोष्ट समजली.

निवेदकांच्या चेहऱ्यांतून एका समाजाचे बदलणे वाचता येते. १९८० साली टीना हीथ या गर्भवती निवेदिकेच्या पोटातील बाळाची हालचाल मुलांना यंत्रावर दाखविण्यात आली. १९९० साली डायन लुईझ जॉर्डन या पहिल्या कृष्णवर्णीय निवेदिका आल्या. हेलन स्केल्टन यांनी २०१० साली ॲमेझॉन नदीतून एकटीने होडी वल्हवीत दोन हजार मैलांचा प्रवास केला. २०२३ साली ॲबी कुक या चाकांच्या खुर्चीवरून वावरणाऱ्या पहिल्या निवेदिका झाल्या. बाहुल्या दाखविण्यासाठी नेमलेल्या लैला विल्यम्सपासून येथवरचे अंतर लहान नाही.

काळ कोणासाठी थांबत नाही. २०१२ अखेर हा कार्यक्रम मुख्य वाहिनीवरून मुलांच्या स्वतंत्र वाहिनीवर गेला आणि २०२५ साली त्याचे थेट प्रक्षेपण थांबून तो आधी मुद्रित होऊ लागला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बिडी बॅक्स्टर ९२ व्या वर्षी निवर्तल्या. आता मुले आपापल्या हातातील पडद्यात रमलेली असतात. तेथे त्यांच्याशी बोलणारे चेहरे असंख्य आहेत. पण मुलाचे दुसरे पत्र आल्यावर पहिले आठवणारे त्यांत किती असतील?

श्रोतेहो, निवेदक आणि शिक्षक यांच्यात एक साम्य आहे. दोघेही एकाच वेळी अनेकांशी बोलतात आणि ऐकणाऱ्या प्रत्येक मुलाला मात्र ते आपल्याशीच बोलत आहेत असे वाटते. त्या वाटण्यातच एक करार असतो. मूल त्यावर सही करीत नाही, म्हणून तो मोडणे सोपे. आणि मूल तो विसरत नाही, म्हणून तो मोडणे महाग. चूक सर्वांच्याच हातून होते. इतिहासाची साक्ष एवढीच आहे, की चुकीने विश्वास डळमळतो आणि लपविण्याने तो जातो. दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन "वह्या काढा" म्हणणाऱ्याचा विश्वास मात्र टिकतो, नव्हे वाढतो.

सरांची ती छोटी वही कोठे गेली, मला ठाऊक नाही. तिच्यात टिपलेला माझा एक प्रश्न होता आणि त्याचे उत्तर मला दुसऱ्या दिवशी मिळाले होते, एवढे मला ठाऊक आहे. त्या उत्तराचे ऋण शब्दांनी फिटणारे नाही. त्यांच्या स्मृतीस मी अभिवादन करतो.